तुटलेली तार

सज्जनहो, गोरोबाकाकांना चाकावर, सावतोबांना मळ्यात आणि कबीरजींना मागावर परमार्थ सापडला. आपल्या अंगावर धोतर रोजच असतं, पण ते होतं कसं हे पुष्कळांना ठाऊक नसतं. आम्हीही एका वृद्ध विणकरबाबांच्या खड्डामागाशी बसलो, तेव्हाच ते उमगलं.

लांबीचे उभे धागे तो ताणा, रुंदीने आडवं जाणारं सूत तो बाणा. ताण्याला आधी खळ लावतात. फणी दर ठोक्याला धाग्यांना घासते. खळीने सुताची कुसं बसतात, धाग्याला बळ येतं. मग एकेक तार वहीतून, म्हणजे दोऱ्यांच्या फासांच्या चौकटीतून, आणि फणीच्या दातांतून ओवून ताणा मागावर ताठ बांधतात.

विणकर खड्ड्यात पाय सोडून बसतो. एक पावडी दाबली की एकाआड एक तारा वर उचलतात, उरलेल्या खाली राहतात. मधल्या वाटेने धोटा पलीकडे जातो आणि त्यातल्या कांडीवरचं सूत मागे सोडतो. ते फणीने ठोकून बसवायचं. दुसरी पावडी दाबली की खालच्या तारा वर येतात, धोटा माघारी फिरतो. डिंक नाही, टाका नाही. एकीवरून, एकीखालून अशा गुंफणीनेच कापड धरून राहतं.

पाहता पाहता ताण्याची एक तार तुटली. बाबांनी माग थांबवला, टोकं शोधली, जोडसूत घालून गाठ मारली.

आम्ही म्हणालो, "बाबा, एवढ्या तारांत एक गेली तर काय बिघडतं?"

"अहो महाराज, आत्ता नाही जोडली तर शेवटपर्यंत रेघ पडत जाईल. आणि एक तुटली म्हणून अख्खा ताणा का कुणी टाकून देतं?"

ते बोल आम्हाला लागले. घरच्या अडचणीने आमची एक आषाढी हुकली होती, आणि आता नेम मोडलाच म्हणून लाजेने कार्तिकीलाही आम्ही पंढरीला गेलो नव्हतो. तार एकच तुटली होती. ताणा आम्ही स्वतःच टाकला होता.

नेम हा ताणा, जाणं-येणं हा बाणा. संसारात तार तुटायचीच. माउली, ज्यांची वारी चुकली असेल त्यांनी लाजू नये. तुटलं तिथेच आज गाठ मारावी आणि धोटा पुन्हा चालू करावा.

रामकृष्णहरि!