प्रबंधिकेतून ‘बळी’ वगळू नकोस

वलवण, लोणावळा

चि. सोनूस,


तुझ्या प्रबंधिकेचा आराखडा आणि पहिलं प्रकरण, दोन्ही वाचलं. विभावरी शिरूरकर हा विषय तू घेतलास याचा मला फार आनंद झाला. पण दोन ठिकाणी तुला अडवायलाच हवं.

पहिली गोष्ट पटकन सांगते. ‘विभावरी म्हणजे कोण?’ या रहस्यात तुझं अख्खं प्रकरण खर्ची पडलं आहे. 1933 साली ‘कळ्यांचे निःश्वास’ हा कथासंग्रह आला, खळबळ उडाली, लेखिकेचा शोध सुरू झाला. आणि त्या होत्या कर्व्यांच्या संस्थेत शिकलेल्या, तिथंच शिकवणाऱ्या बाळूताई खरे, म्हणजे पुढच्या मालतीबाई बेडेकर. एवढं दोन परिच्छेदांत आटप. त्यांना नाव का लपवावं लागलं, ते कथा वाचल्यावर आपोआप कळतं.

आता खरं बोलणं. ‘बळी’ ही कादंबरी तू वगळली आहेस आणि समासात लिहिलं आहेस, ‘स्त्रीप्रश्नाशी थेट संबंध नाही.’ सोनू, हे वाक्य खोडून टाक.

‘कळ्यांचे निःश्वास’मधल्या मुलींना छळणारी माणसं राक्षस नाहीत, हे तुझ्या नजरेतून निसटलं आहे. ते सुधारक वडील आहेत. त्यांनी मुलीला शाळेत घातलं, कॉलेजात पाठवलं, शेजारपाजारचं बोलणं ऐकून घेतलं. मग ती कमवायला लागली आणि तिच्या पगारावर घर उभं राहिलं. आता तिचं लग्न कुणाच्या सोयीचं? तिच्या उपाशी मनाबद्दल घरात कुणी विचारत नाही, आणि तिनं तो विषय काढायचाही नाही, कारण उपकार झालेले आहेत. त्यातल्या एका कथेचं नावच ‘बाबांचा संसार माझा कसा होणार?’ असं आहे. सनातन्यांना नावं ठेवणं सोपं होतं. मालतीबाईंनी बोट ठेवलं ते भल्या माणसांवर, आणि म्हणूनच पुण्याला ते एवढं झोंबलं.

पुढच्याच वर्षी, 1934 मध्ये, ‘हिंदोळ्यावर’ ही कादंबरी आली. नवऱ्यापासून वेगळी झालेली अचला प्रेम मागते, मूल मागते. त्या वेळी आपल्याकडच्या हिंदू बाईसाठी घटस्फोटाचा कायदाच नव्हता. मुंबई प्रांतात तो कायदा व्हायला 1947 उजाडलं. मालतीबाईंना हे पुरतं ठाऊक होतं. के. एन. केळकरांबरोबर हिंदू व्यवहारधर्मशास्त्रावर त्यांनी ग्रंथच लिहिला होता. तेव्हा अचलेला ‘बंडखोर नायिका’ म्हणून मोकळी होऊ नकोस. कायद्याचे सगळे दरवाजे तपासून झाल्यावर लिहिलेली ती बाई आहे. आराखड्यात हे प्रकरण तू जरा जास्तच घाईनं उरकलं आहेस. इथं रेंगाळ.

मग मालतीबाई सोलापूरला गेल्या. इंग्रजांनी 1871 च्या कायद्यानं काही जमातींना जन्मापासूनच गुन्हेगार ठरवलं होतं. तारेच्या कुंपणाआडच्या वसाहतीत त्यांना ठेवायचं, हजेरी घ्यायची, कामाला लावायचं, आणि या सगळ्याला म्हणायचं सुधारणा. सोलापूरच्या अशा वसाहतीत त्या पाहुण्या म्हणून गेल्या नव्हत्या, नोकरीवर होत्या, म्हणजे कुंपण राखणाऱ्यांच्या बाजूला. तिथं त्यांनी जे पाहिलं, त्यातून 1950 साली ‘बळी’ झाली. कायदा देशभरात रद्द झाला तो 1952 मध्ये, कादंबरीनंतर.

आता ‘कळ्यांचे निःश्वास’ आणि ‘बळी’ शेजारी ठेव. ‘तुझ्या भल्यासाठी’ म्हणत दुसऱ्याचं आयुष्य ठरवणारा पालक दोन्हीकडे आहे, एकदा बाप म्हणून आणि एकदा सरकार म्हणून. ज्या बाईनं तो घरात ओळखला, तिलाच तो वसाहतीत दिसला. माझ्या मते मालतीबाईंचं मोठेपण इथं आहे, आणि तुझ्या प्रबंधिकेचा कणाही हाच व्हायला हवा. तुलनेसाठी काशीबाई कानिटकरांची ‘पालखीचा गोंडा’ घे. 1928 च्या त्या कादंबरीत बायकांच्या हाती राज्य येतं आणि ते चांगलं चालतं. काशीबाईंना चांगल्या राज्यकर्त्या हव्या होत्या. मालतीबाईंना चांगल्या राज्यकर्त्याचाही भरवसा वाटत नाही.

हे समजायला आपल्या मावळातल्या माणसाला अवघड जाऊ नये. आपल्या वलवणच्या तलावाचं पाणी खोपोलीच्या वीजघरात जातं. 1915 पासून त्या विजेवर मुंबईच्या गिरण्या चालल्या. 1921 मध्ये मुळशीचे शेतकरी धरणाखाली जाणाऱ्या जमिनींसाठी सत्याग्रहाला बसले, तेव्हा त्यांनाही देशाच्या प्रगतीचीच कारणं ऐकवली गेली. ती कारणं खोटी होती असं मी म्हणत नाही. जमीन ज्याची होती, त्याला विचारलं कुणी, एवढंच विचारते. ‘बळी’ वाचताना हा प्रश्न मनात असू दे.

प्रबंधिकेत मालतीबाईंना देव्हाऱ्यात बसवू नकोस. त्या स्वतः ब्राह्मण घरातल्या, शिकलेल्या, अधिकाराच्या जागी असलेल्या. वसाहतीतल्या माणसांचं दुःख त्यांना कुठवर दिसलं आणि कुठं दिसेनासं झालं, हे स्पष्ट लिही. त्यासाठी भटक्या-विमुक्तांतल्या लेखकांनी स्वतः लिहिलेली आत्मकथनं वाच. लक्ष्मण मानेंच्या ‘उपरा’पासून सुरुवात कर. मार्गदर्शक बाईंना हे आवडेल की नाही, याची काळजी आत्ता नको.

‘बळी’ची माझी प्रत शनिवारी लोकलनं येऊन घेऊन जा. ती पुरी वाचून झाल्याशिवाय प्रस्तावनेला हात लावू नकोस.

तुझी,
आत्या