हप्त्यावरचं मशीन आणि झाडीची रात्र

चि. बाबूस,


लाखनीच्या बाजारात मामाच्या कानावर आलं, की भाचा गिटारचं जुनं इफेक्ट मशीन, बॉस एमई-50, विकून फायनान्सवर नवं क्वाड कॉर्टेक्स घेतो आहे. लाखाच्या वरचं मशीन, आणि हप्ते म्हणे धान विकून मिळणाऱ्या चुकाऱ्यातून भरणार! चुकारे कधी हाती पडतात, ते तुझ्या मायला विचार. त्या रात्री मामाला जेवण गेलं नाही.

मशीन वाईट नाही. 2021 पासून ते वादकांच्या हाती आहे आणि खऱ्या अॅम्पचा आवाज ऐकून तो स्वतःत उतरवून घेतं. स्टुडिओत त्याचं सोनं होईल. पण त्याला 12 व्होल्टचा अॅडॉप्टर लागतो, सेलवर ते चालत नाही, आणि वर काचेचा मोठा पडदा. आणि आपलं पूर्व विदर्भातलं झाडीपट्टीचं नाटक उजाडेस्तोवर चालतं. जनरेटरची वीज, मंडपातली धूळ, पहाटेचं दव. हप्ते बाकी असलेलं मशीन तिथं तू बिनधास्त पायाखाली घेशील?

एमई-50 आहे 2003 चं. बटणं सगळी वरच, अंधारातही हाताला सापडतात. सहा पेन्सिल सेल घातले की जनरेटर गेला तरी गिटार थांबत नाही. पण त्याचा आवाज करकरतो, ही तुझी तक्रारही मामाला पटते. गिटार अॅम्पचा स्पीकर डिस्टॉर्शनमधला वरचा कर्कशपणा गिळून टाकतो. आपल्या स्टेजवर अॅम्पच नसतो, वायर सरळ मिक्सरला, म्हणून आवाज करकरतो. नवी मशीनं त्या स्पीकरचीही नक्कल करतात. नव्याकडे जायला हे एकच कारण पुरेसं आहे, पण त्यासाठी लाख रुपये कशाला? बॉसचंच 2016 चं जीटी-1 हे काम करतं. चार पेन्सिल सेल, अल्कलाइन असले तर सुमारे 7 तास. जोडीला एक संच खिशात ठेवला की रात्र निघते.

आणि जुनंच दुसरं कुणाकडून घेणार असशील, तर अॅडॉप्टर आधी बघ. बॉसच्या एमई-50 ला 9 व्होल्ट डीसी लागतो, लाइन 6 च्या पॉड एक्सटीला 9 व्होल्ट एसी. पिन बसली म्हणून लावू नको, मशीन जळेल.

पण हप्ते, बाबू, हप्ते! सीझन दिवाळी ते होळी, हप्ता बारा महिने.

वडशाच्या एका नाटक कंपनीनं एकदा मामालाही गिटार वाजवायला बोलावलं होतं. त्याच महिन्यात नोकरीची ऑर्डर आली, घरी आजोबा आजारी, आणि गिटार खुंटीवर गेली. 2023 साली झाडीपट्टीचे नाट्यकलावंत परशुराम खुणे यांना पद्मश्री मिळाली, तेव्हा मामा टीव्हीपुढून उठलाच नाही. तो त्या मंडपात कधी वाजवू शकला नाही. तू वाजवतोस. म्हणून एवढा जीव तुटतो.

फार बोलला मामा. जीटी-1 घ्यायचं ठरलं तर अर्धे पैसे त्याचे, परत मागणार नाही. क्वाड कॉर्टेक्सच हवं असेल तर तसं सांग, दोघं बसून हिशेब करू. मायपासून मात्र लपवू नको. मंडईच्या जत्रेला घरी ये, मामी वाट बघते. एमई-50 विकलं नसशील तर घेऊन ये. विकलं असशील तरी ये.

तुझा,
मामा