हार्ड डिस्क मुकी झाली असता : हिशेबाचे दफ्तर परत मिळविण्याचा क्रम

व्यापाऱ्याची पत त्याच्या वहीत असते, ही गोष्ट आपल्या वाचकांस समजावून सांगावयास नको. कीर्द, खतावणी, उधारीची बाकी आणि मालाचा साठा ह्यांच्या नोंदी जोवर सुरक्षित आहेत, तोवर पेढीस आपले येणे मागता येते व देणे ओळखता येते. लाल बांधणीच्या वह्यांची जागा आता बहुतेक पेढ्यांतून संगणकाने घेतली आहे, आणि त्यातील दफ्तराची दुसरी प्रत म्हणून, पुष्कळदा तर जुन्या वर्षांची एकमेव प्रत म्हणून, पंजाएवढी एक बाह्य हार्ड डिस्क मेजाच्या खणात ठेवलेली असते. ही डिस्क एखादे दिवशी संगणकास जोडली असता संगणकाने तिची दखलच घेऊ नये, असा प्रसंग कोणावरही येऊ शकतो. अशा वेळी काय करावे, आणि त्याहूनही काय करू नये, ह्याचा विचार प्रस्तुत लेखात आम्ही करणार आहो.

आमचे मुख्य प्रतिपादन आरंभीच सांगतो. डिस्क ओळखली गेली नाही, एवढ्यावरून माहिती नष्ट झाली असे ठरत नाही. ती बहुधा जागच्या जागी शाबूत असते. तिचा खरा घात होतो तो मागाहून घाईने केलेल्या उपायांनी. म्हणून उपायांचा क्रम हाच ह्या विषयाचा गाभा होय.

१. यंत्राची रचना

हार्ड डिस्क वापरणारा पहिला संगणक आय. बी. एम. ह्या अमेरिकन कंपनीने १९५६ साली बाजारात आणला. त्याच्या डिस्कमध्ये २४ इंच व्यासाच्या ५० तबकड्या असून तीत सुमारे ५० लक्ष अक्षरे मावत. आजच्या एक टेराबाइटच्या डिस्कमध्ये त्याच्या सुमारे दोन लक्ष पट मजकूर मावतो. तत्त्व मात्र तेच आहे. चुंबकीय लेप दिलेली तबकडी मिनिटास ५,४०० किंवा ७,२०० फेरे घेते, आणि तिच्या पृष्ठभागापासून अवघ्या काही नॅनोमीटर अंतरावर वाचनाचे शीर्ष तरंगत राहते. नॅनोमीटर म्हणजे मिलिमीटरचा दहा लक्षावा भाग. ह्या अंतराच्या मानाने धुळीचा साधा कण म्हणजे डोंगरच होय.

तबकडीवरील नोंद पडद्यावर दिसेपर्यंत तिला एका साखळीतून यावे लागते. पहिला दुवा केबलचा व वीजपुरवठ्याचा. दुसरा दुवा बाहेरच्या केसिंगमधील लहानशा सर्किटचा. हे डिस्कची भाषा यूएसबीच्या भाषेत सांगणारे दुभाषी होय. तिसरा दुवा प्रत्यक्ष डिस्कचा, म्हणजे तिचे सर्किट, मोटर, शीर्ष व तबकडी ह्यांचा. चौथा दुवा पार्टिशन व फाइल सिस्टिम ह्यांचा, म्हणजे कोणती फाइल कोठे लिहिली आहे हे सांगणाऱ्या अनुक्रमणिकेचा. खतावणीची अनुक्रमणिका वाळवीने खाल्ली तरी आतील खाती नाहीशी होत नाहीत. ती शोधणे तेवढे कठीण होते. तोच प्रकार येथे आहे. ह्यांपैकी कोणताही दुवा तुटला तरी वरवर दिसणारे लक्षण एकच, ते म्हणजे डिस्क दिसत नाही. उपाय मात्र प्रत्येक दुव्यास निराळा आहे.

२. लक्षणांवरून निदान

प्रथम कान द्यावा. डिस्क जोडल्यावर तबकडी एकसारखी फिरत असल्याचा मंद आवाज येत असेल, तर मोटर चालू आहे असे समजावे. काहीच आवाज नसेल व दिवाही लागत नसेल, तर संशय वीजपुरवठ्यावर, केसिंगवर किंवा डिस्कच्या सर्किटवर जातो. टकटक असा ठरावीक अंतराने येणारा किंवा घासल्यासारखा आवाज असेल, तर शीर्षास अथवा तबकडीस इजा झाली असण्याचा संभव मोठा. अशा वेळी डिस्क ताबडतोब बंद करावी आणि पुन्हा जोडू नये. बिघडलेले शीर्ष तबकडीवर घासू लागले म्हणजे लेपच खरवडला जातो, आणि खरवडलेला लेप कोणताही कारागीर परत आणू शकत नाही.

आवाज सुरळीत असेल, तर विंडोजमधील डिस्क मॅनेजमेंट ह्या खिडकीत पाहावे. तेथे डिस्क व तिचे पार्टिशन नीट दिसत असून केवळ अक्षर मिळालेले नसेल, तर रिकामे अक्षर दिल्याने काम भागते. पार्टिशनपुढे ‘रॉ’ असा शब्द दिसत असेल किंवा संगणक फॉरमॅट करण्याची अनुज्ञा मागत असेल, तर बहुधा अनुक्रमणिका बिघडली आहे, अथवा तो भाग वाचता येत नाही. डिस्कचा आकारच दिसत नसेल किंवा चुकीचा दिसत असेल, तर दोष यंत्राचा असण्याचा संभव अधिक.

३. आधी स्वस्त दुवे तपासावेत

टकटक नसेल तरच पुढील गोष्टी कराव्या. केबल बदलून पाहावी. मोबाइलची काही केबले केवळ वीज वाहून नेतात, माहिती नाही, हे लक्षात असू द्यावे. संगणकाचे दुसरे यूएसबी तोंड वापरावे, आणि मध्ये हब असल्यास तो काढावा. यूएसबी २ च्या तोंडातून ५०० मिलिअँपिअर व यूएसबी ३ च्या तोंडातून ९०० मिलिअँपिअर एवढी वीज प्रमाणित आहे. अडीच इंची डिस्क सुरू होताना तिला पहिली पुरत नाही असे घडू शकते. साडेतीन इंची डिस्कला १२ व्होल्टचा स्वतंत्र अडॅप्टर लागतो. तो त्याच प्रकारचा दुसरा लावून पाहावा. शेवटी दुसऱ्या संगणकावर एकदा तपासावे.

एवढ्याने न भागल्यास जाणत्या कारागिराकडून डिस्क केसिंगमधून काढवून दुसऱ्या केसिंगमध्ये बसविता येते. येथे दोन अडचणी संभवतात. काही डिस्कांत यूएसबीचे तोंड मूळ सर्किटवरच असते, म्हणून दुसरे केसिंग बसतच नाही. काही केसिंगे सर्व मजकूर गुप्तलिपीत लिहितात, त्यामुळे तीच डिस्क दुसरीकडे लावली असता निरर्थक दिसते. म्हणून मूळ केसिंग कधीही टाकून देऊ नये. बिटलॉकरने कुलूप घातलेली डिस्क असेल, आणि तिचा परवलीचा शब्दही आठवत नसेल, तर ४८ अंकी किल्ली हाताशी हवी; ती नसेल तर पुढील सर्व श्रम व्यर्थ होत.

४. निषिद्ध उपाय

फॉरमॅट करू नये. डिस्क मॅनेजमेंटने ‘इनिशियलाइझ’ करण्याची सूचना केल्यास होकार देऊ नये, कारण त्याने पार्टिशनचा तक्ता नव्याने लिहिला जातो. चेकडिस्क ही आज्ञा दुरुस्तीसाठी चालवू नये. ती अनुक्रमणिका सुसंगत करते, परंतु तसे करताना न जुळणाऱ्या नोंदी छाटून टाकते, आणि मरणोन्मुख डिस्कला तासन्‌तास राबविते. शोधून काढलेल्या फाइली त्याच डिस्कवर उतरवू नयेत. डिस्क शीतकपाटात ठेवण्याचा तोडगा कोणी सांगितल्यास ऐकू नये. बाहेर काढताच तबकडीवर दव धरते. त्याच नमुन्याच्या दुसऱ्या डिस्कचे सर्किट बसविण्याचा प्रयोगही व्यर्थ, कारण आजच्या सर्किटवरील चिपमध्ये त्या त्या डिस्कपुरती जुळणी नोंदलेली असते.

५. आधी नक्कल, मग शोध

डिस्क संगणकास दिसत असेल, परंतु फाइली उघडत नसतील, तर पहिले काम फाइली शोधण्याचे नसून संपूर्ण डिस्कची अक्षरशः नक्कल उतरविण्याचे आहे. जीर्ण वही हाताळण्यापूर्वी तिचे पानन्‌पान उतरवून घ्यावे व पुढील सर्व काम नकलेवर करावे, तशातलाच हा प्रकार. त्यासाठी मूळ डिस्कहून मोठी नवी डिस्क घ्यावी. लिनक्सवर चालणारी डीडीरेस्क्यू नावाची आज्ञावली विनामूल्य मिळते. ती आधी सहज वाचता येणारे भाग उतरविते, अडलेले भाग मागे ठेवते, आणि कोठवर काम झाले ह्याची टिपण-फाइल राखते. त्यामुळे मध्ये खंड पडला तरी काम तेथूनच पुढे सुरू होते. ती चालविताना मूळ डिस्क कोणती व नवी कोणती हे दोनदा वाचून पाहावे. उलट घडल्यास कोरी डिस्क भरलेल्या डिस्कवर उतरेल आणि सर्वस्व जाईल. सेकंदास १०० मेगाबाइट ह्या वेगाने एक टेराबाइटच्या निरोगी डिस्कची नक्कल पावणेतीन तासांत होते; आजारी डिस्कला कित्येक दिवस लागू शकतात.

नक्कल झाल्यावर मूळ डिस्क बाजूस ठेवावी. मग टेस्टडिस्क ह्या आज्ञावलीने नकलेतील हरवलेले पार्टिशन शोधावे. तेवढ्याने न जमल्यास फोटोरेक ही तिची जोडीदार आज्ञावली फाइलींच्या आरंभीच्या खुणेवरून त्या ओळखून काढते. परंतु अशा फाइलींची नावे व फोल्डरे परत येत नाहीत. छायाचित्रे व पत्रे ह्यांस हे पुरते. टॅलीसारख्या हिशेबाच्या आज्ञावलीत मात्र प्रत्येक पेढीचे दफ्तर आकड्यांच्या नावाच्या एका फोल्डरात, परस्परांवर अवलंबून असलेल्या अनेक फाइलींत असते. ते सुट्या तुकड्यांवरून उभे राहणे कठीण. म्हणून व्यापाऱ्याने पार्टिशन व फोल्डरे मूळ रूपात मिळविण्याचा प्रयत्न आधी व नेटाने करावा.

६. तज्ज्ञाकडे केव्हा जावे

टकटक, डिस्क पडलेली असणे, पाण्यात भिजणे, किंवा आकार न दिसणे ह्या स्थितींत घरगुती प्रयत्न थांबवून माहिती परत मिळविणाऱ्या प्रयोगशाळेकडे जावे. डिस्क उघडण्याचे काम धूळविरहित कक्षातच व्हावयास हवे. खर्चाचा अंदाज, माहिती न मिळाल्यास आकार किती, आणि गोपनीयतेची हमी ही तिन्ही लेखी घ्यावी. हमीपत्राच्या मुदतीत नवी डिस्क मिळू शकते. त्यात जुना मजकूर नसतो.

प्रयत्न फसलेच, तरी दफ्तर इतर मार्गांनी बऱ्याच अंशी उभारता येते. बँकेचे उतारे, कर-सल्लागाराकडील प्रती, जीएसटीच्या संकेतस्थळावरील विवरणपत्रे, आणि ज्यांच्याशी व्यवहार आहे त्यांच्या खात्यांचे उतारे ही त्याची साधने होत. नोंदणीकृत व्यापाऱ्यांस केलेली विक्री तेथे बीजकवार मिळते. किरकोळ विक्रीची बहुतांशी एकत्र बेरीजच मिळते. परत मिळालेल्या हिशेबाची तेरीज ह्या साधनांशी ताडून पाहिल्याखेरीज त्यावर विसंबू नये.

७. कायदा आणि दुसरी प्रत

जीएसटीच्या २०१७ च्या केंद्रीय कायद्याच्या ३६ व्या कलमानुसार त्या त्या वर्षाचे हिशेब वार्षिक विवरणपत्राच्या अंतिम तारखेपासून ७२ महिने जपून ठेवावे लागतात. कंपनी असल्यास २०१३ च्या कंपनी कायद्याने ही मुदत आठ आर्थिक वर्षांची केली आहे. एकच डिस्क एवढा काळ टिकेल असे गृहीत धरणे हे व्यापारी शहाणपणास धरून नाही. आपण एकाच गिऱ्हाइकास सर्व भांडवल उधार देत नाही. दफ्तराच्या बाबतीतही तोच न्याय लावावा. माहितीच्या तीन प्रती असाव्या, त्या दोन निरनिराळ्या प्रकारच्या साधनांवर असाव्या, आणि एक प्रत पेढीबाहेर असावी. त्यांतील एक तरी काम संपताच संगणकापासून सोडवून ठेवावी, म्हणजे खंडणी मागणाऱ्या विषाणूचा हात तिच्यापर्यंत पोहोचणार नाही.

प्रत काढली म्हणजे कर्तव्य संपले असे नाही. ती उघडते की नाही हे पाहिले पाहिजे. दिवाळीत आपण वहीपूजन करतो. त्याच दिवशी प्रत्येक पेढीने गतवर्षाची प्रत दुसऱ्या संगणकावर उघडून तिची तेरीज मूळ हिशेबाशी जुळवून पाहावी, असे आम्ही आग्रहपूर्वक सुचवितो. ह्या कामास फार तर एक तास लागेल. आणि ज्या पेढीत ते दरवर्षी होते, तेथे डिस्क मुकी झाली तरी खर्च फक्त नव्या डिस्कचा येईल.