गंज एकच, परिणाम दोन : काँक्रीटमधली सळई आणि पोलादी तंतू



शाळेच्या जुन्या इमारतीचा सज्जा दुरुस्त करणे आणि प्रार्थनेच्या पटांगणात काँक्रीटची नवी फरशी घालणे, अशी दोन कामे सध्या विश्वस्त मंडळापुढे आहेत. फरशीच्या काँक्रीटमध्ये पोलादाचे बारीक तंतू मिसळावेत, असा प्रस्ताव आहे. त्यावर पालकसभेत एक रास्त प्रश्न आला : सळई गंजल्यामुळे सज्जा फुटला, मग नव्या फरशीत पुन्हा लोखंडच का घालायचे? त्यावरही पाऊस पडणारच आहे. प्रश्न मुलांच्या सुरक्षिततेचा आहे, म्हणून या अंकाचा विज्ञानपाठ आम्ही त्यालाच दिला आहे.

काँक्रीटला लोखंड कशाला लागते?

काँक्रीट दाब उत्तम सोसते, पण ताणले की चटकन तडकते. आपल्या आजी-आजोबांच्या गावी मातीच्या भिंतीत भुसा किंवा गवत कालवत असत, ते याचसाठी. वाळताना माती आकसते, भेग पडू पाहते आणि गवताची काडी ती भेग धरून ठेवते. काँक्रीटमध्ये हे काम पोलाद करते. सळई (आपल्याकडचे मिस्त्री तिला सरिया म्हणतात) जिथे ताण येणार तिथे मोजून बांधतात. तंतू मात्र मिश्रणातच टाकतात. ते सगळीकडे विखुरतात. १९६३ साली अमेरिकेत जेम्स रोमुआल्डी आणि गॉर्डन बॅट्सन यांनी पोलादी तारा भेगा कशा रोखतात यावर शोधनिबंध लिहिला. तेव्हापासून या विषयाच्या अभ्यासाला जोर आला.

एक नेहमीचा तंतू घेऊ. जाडी ०.७५ मिलिमीटर, लांबी ६० मिलिमीटर. पोलादाची घनता ७.८५ ग्रॅम प्रति घन सेंटीमीटर धरली तर एका तंतूचे वजन सुमारे ०.२१ ग्रॅम येते. म्हणजे एका किलोत साधारण ४,८०० तंतू बसतात. एक घनमीटर काँक्रीटमध्ये ३० किलो तंतू घातले तर त्यांची संख्या १ लाख ४० हजारांच्या वर जाते. नववी-दहावीच्या मुलांनी हे गणित स्वतः करून पाहावे.

काँक्रीटच्या पोटात लोखंड सुरक्षित का असते?

सिमेंट पाण्याशी संयोग पावते तेव्हा चुना तयार होतो. त्यामुळे काँक्रीटच्या सूक्ष्म छिद्रांतल्या पाण्याचा पीएच, म्हणजे सामू, १२.५ ते १३.५ इतका राहतो. एवढ्या तीव्र अल्कधर्मी पाण्यात पोलादावर ऑक्साइडचा अतिशय पातळ, घट्ट थर बसतो. हा थर म्हणजे पोलादाचे चिलखत. तो शाबूत आहे तोवर गंज जवळजवळ वाढत नाही.

हे चिलखत दोघे मोडतात. पहिला शत्रू हवेतला कार्बन डाय ऑक्साइड. तो हळूहळू आत शिरून चुन्याचा चुनखडक करतो आणि सामू ९ च्या खाली उतरवतो. दुसरा शत्रू क्लोराइड, म्हणजे मिठातला अंश. सामू चांगला असला तरी तो चिलखताला जागोजागी भोके पाडतो. कोकण आणि गोव्याच्या किनाऱ्यावर तो खाऱ्या वाऱ्यातून येतो. आपल्याकडे समुद्र नाही, पण बोअरिंगचे खारट पाणी काँक्रीटला वापरले तर तोच शत्रू आपण आपल्या हाताने आत घालतो.

इथे एका शब्दाकडे लक्ष द्यावे. हिंदीच्या पुस्तकात क्षार म्हणजे अल्कली आणि मीठ म्हणजे लवण. मराठीत मात्र क्षार म्हणजेच मीठ. आमचे शिक्षण हिंदी माध्यमातले आणि आपली मुलेही दोन्ही भाषांत वाचतात. म्हणून सांगतो, हिंदीतला क्षार लोखंडाला राखतो आणि मराठीतला क्षार त्याला खातो!

सळईचा गंज सज्जा का फोडतो?

गंज झालेल्या लोखंडापेक्षा गंज दोन ते सहा पट जागा मागतो. सळई जाड आणि कित्येक मीटर लांब असते. तिच्या एका टोकाला लोखंड विरघळते, दूरच्या भागात ऑक्सिजनची क्रिया चालते आणि सळईतूनच इलेक्ट्रॉन वाहतात. जणू एक लांबलचक विद्युतघटच. साठत गेलेल्या गंजाचा दाब बाहेरच्या काँक्रीटला सोसवत नाही. सळईच्या रेषेत भेग पडते, मग पोपडा सुटतो आणि तुकडा खाली येतो.

तंतूच्या बाबतीत तसे का होत नाही?

याची तीन कारणे आहेत. पहिले, तंतू आखूड आणि बहुतेक एकमेकांपासून सुटे असतात, त्यामुळे लांब विद्युतघट तयार होत नाही. एक तंतू गंजला तरी तो गंज सहसा शेजारच्या तंतूकडे जात नाही. दुसरे, तंतू इतका बारीक असतो की त्याचा गंज काँक्रीट फोडण्याएवढा दाब आणू शकत नाही. तिसरे, बारीक तंतूभोवती सिमेंटचा थर जास्त दाट बसतो, तर आडव्या सळईखाली पाणी आणि हवेच्या पोकळ्या राहू शकतात. याच कारणांनी तंतू सळईपेक्षा जास्त क्लोराइड सहन करतात.

म्हणून चांगल्या, न तडकलेल्या काँक्रीटमध्ये पृष्ठभागालगतच्या काही मिलिमीटरांतलेच तंतू गंजतात. वर तपकिरी ठिपके दिसतात, आतले तंतू शाबूत राहतात. लंडनहून चॅनेल टनेलकडे जाणारा वेगवान रेल्वेमार्ग २००७ साली पूर्ण झाला. त्याच्या लंडनमधल्या बोगद्यांच्या अस्तरासाठीही पोलादी तंतूंचे काँक्रीट वापरले आहे.

पण बारीकपणा हीच कमजोरी

आता नाण्याची दुसरी बाजू. समजा, गंजाने चहूबाजूंनी ०.१ मिलिमीटर पोलाद खाल्ले. १२ मिलिमीटरच्या सळईचा व्यास ११.८ राहील आणि छेदाचे क्षेत्रफळ जेमतेम ३ टक्के घटेल. ०.७५ मिलिमीटरच्या तंतूचा व्यास मात्र ०.५५ वर येईल आणि क्षेत्रफळ सुमारे ४६ टक्के घटेल. तेवढाच गंज, पण तंतूची निम्मी ताकद गेली.

हे घडण्याची जागा म्हणजे भेग. भेगेतून पाणी, हवा आणि मीठ थेट तंतूला भेटतात. भेग ०.१ मिलिमीटरपेक्षा बारीक असेल तर तिच्यातला तंतू सहसा गंजत नाही. वहीच्या एका पानाची जाडी साधारण तेवढीच असते. भेग रुंद आणि सतत ओली राहिली, तर तिला धरून ठेवणारे तंतूच एकेक करून तुटतात. आय.एस. ४५६ या मानकाच्या २००० सालच्या आवृत्तीत भेगेची मर्यादा सर्वसाधारणपणे ०.३, ओल लागणाऱ्या भागात ०.२ आणि तीव्र परिस्थितीत ०.१ मिलिमीटर दिली आहे, ती उगाच नव्हे.

आपल्या शाळेपुरते सांगायचे तर

जमिनीवर टेकलेल्या फरशीत तंतू घालायला गंजाची हरकत नाही. मात्र सज्जा, तुळई, जिना यांतल्या सळईची जागा तंतूंनी घेऊ नये. ते काम सळईचेच आणि हिशेब इंजिनिअरचाच. फरशीसाठी चार गोष्टी सांभाळाव्यात. पाणी गोडे आणि मोजून घालावे. तराईत, म्हणजे काँक्रीटला पाणी मारण्यात, कसूर करू नये. सांधे वेळेवर कापावेत, म्हणजे भेग वाटेल तिथे जाणार नाही. वरचा थर नीट घोटून तंतू आत दाबावेत, कारण या फरशीवर मुले अनवाणी बसणार आहेत आणि वर आलेले टोक टोचते. कायम ओल असलेल्या जागी जस्ताचा मुलामा दिलेले तंतू मिळतात. त्याहून टिकाऊ स्टेनलेस तंतू असतात, त्यांत किमान १०.५ टक्के क्रोमियम असते. पण ते महाग पडतात आणि आपल्या पटांगणाला त्यांची गरज नाही.

मुलांनीही एक ओळख पक्की करावी. तंतूंच्या फरशीवर सुटे तपकिरी ठिपके दिसले तर घाबरू नये. सज्ज्याला किंवा छताला सरळ रेषेत भेग आणि तिच्यावर तपकिरी डाग दिसला, तर त्याखाली उभे न राहता लगेच वर्गशिक्षकांना सांगावे.

करून पाहा

झाकणाच्या तीन काचेच्या बरण्या घ्या. साबणाने धुतलेला, मुलामा नसलेला एकेक खिळा प्रत्येकीत टाका. पहिलीत साधे पाणी, दुसरीत चुन्याची निवळी, तिसरीत चुन्याची निवळी आणि दोन चमचे मीठ घाला. झाकणे घट्ट लावा. दुसरीसारखीच चौथी बरणी भरा, पण उघडी ठेवा. चुना डोळ्यांत जाऊ नये म्हणून हे शिक्षकांसमोरच करावे. पंधरा दिवस रोज नोंद ठेवा आणि दोन प्रश्नांची उत्तरे लिहा :

१. मिठाने कोणत्या खिळ्याचे चिलखत मोडले?
२. उघड्या बरणीवर आलेली पांढरी साय कशाची आणि सज्ज्याच्या गंजाशी तिचा काय संबंध?

उत्तरे विज्ञान प्रयोगशाळेत जमा करावीत. सर्वांत नीट नोंदी ठेवणाऱ्या वर्गाच्या वह्या पुढच्या पालकसभेत मांडल्या जातील.