तंगीत कल्पना सुचतात का?

प्रश्न : सातपूरच्या कारखान्यात यजमानांचा ओव्हरटाइम बंद झालाय. महिनाअखेर ओढाताण होते. तंगीत माणसाला कल्पना सुचतात असं म्हणतात, ते खरं का?
– एक वाचक, सिडको, नाशिक

उत्तर : ताई, सुचतात, पण चूल पेटती असेल तर. उपाशीपोटी फक्त काळजी सुचते.

आपल्या त्र्यंबकेश्वरात जन्मलेले दादासाहेब फाळके घ्या. 1912 साली लंडनहून कॅमेरा आणला, पण चित्रपटाला भांडवल नव्हतं. त्यांनी कुंडीत वाटाणा पेरला, रोपाची वाढ रोज थोडी थोडी टिपली आणि त्याचा छोटा चित्रपट केला. तो पाहून कर्ज देणारे मिळाले. 1913 साली ‘राजा हरिश्चंद्र’ पडद्यावर आला. पत्नी सरस्वतीबाईंनी दागिने दिले, फिल्म धुण्याचं काम शिकून घेतलं, शिवाय सगळ्या चमूचा स्वयंपाकही केला. (त्यांचं नाव आपण फारसं घेत नाही.)

मात्र फाळक्यांनी विमा पॉलिसीही तारण ठेवली होती. तो कित्ता तुम्ही गिरवू नका! पॉलिसी आणि मुलांची फी यांना हात लावायचा नाही. बाकी खर्च महिनाभर वहीत लिहा. कात्री कुठे लावायची ते तिथेच दिसेल.

टोमॅटोचं कॅरेट पंचवटीच्या मार्केट यार्डातून चार घरांनी मिळून आणा. उन्हाळ्यात कुरडया-पापड विकायचे असतील तर आधी ऑर्डर घ्या, मग गहू भिजवा. आणि ओळखीत उधारी नको.