रोवणीच्या व तेंदूपत्त्याच्या दिवसांतील घरचा स्वयंपाक

भामरागड तालुक्यातील गृहिणीला वर्षातून दोन वेळा चुलीपाशी बसावयास सवड म्हणून मिळत नाही. पहिली वेळ मे महिन्याची. तेंदूची पाने उन्हे चढण्यापूर्वी तोडावी लागतात, म्हणून घरातील कर्ती माणसे पहाटे अंधारातच रानाची वाट धरतात. दुपारी पाने मोजून पुडकी बांधावयाची आणि सायंकाळी ती फळीवर पोचती करावयाची. महाराष्ट्रात एका पुडक्यात 70 पाने धरतात आणि अशा 1000 पुडक्यांची एक प्रमाण गोणी होते. एवढ्या हिशेबात दिवस कोठे गेला ते कळत नाही. दुसरी वेळ आषाढ-श्रावणातील रोवणीची. बांधीत पाणी असेपर्यंत रोवणे उरकलेच पाहिजे, तेथे थांबून चालत नाही.

या दिवसांत मोठी माणसे कशीबशी निभावून नेतात. सोबत तुंब्यात पेज असते. ती प्यावी व पुन्हा कामास लागावे, असा क्रम चालतो. प्रश्न असतो तो घरी राहिलेल्या दोन-तीन वर्षांच्या मुलाचा. त्याला सांभाळावयास आजी असते, किंवा आठ-नऊ वर्षांची बहीण. लहान मुलाचे पोट लहान असल्यामुळे त्याला मोठ्यांप्रमाणे दोन वेळा जेवून भागत नाही. दिवसातून चार-पाच वेळा थोडे थोडे द्यावे लागते. परंतु आई गेल्यावर त्याच्या वाट्यास येतो तो सकाळचा कोरा चहा आणि दुपारी थंड भाताचा एखादा घास. असे पंधरा-वीस दिवस गेले की मूल उतरलेले दिसते, आणि पुढे पावसाळ्यात हगवण किंवा हिवताप आला की त्या उतरलेल्या मुलाला तो सोसत नाही. म्हणून झटपट स्वयंपाकाचा विचार करताना वेळ किती वाचला एवढेच न पाहता, दुपारी मुलाच्या ताटलीत काय पडले हे पाहावयास हवे.

प्रथम पेजेविषयी. माडिया बोलीत तिला जावा म्हणतात. शहरातून आलेली काही सुशिक्षित मंडळी तिला गरिबीचे अन्न समजतात. आमच्या मते ही समजूत चुकीची आहे. भात शिजवून वरचे पाणी ओतून देण्याच्या पद्धतीत तांदळातील जीवनसत्त्वांचा मोठा भाग वाया जातो, तो पेजेत पोटात जातो. उन्हात राबणाऱ्या शरीराला पाणीही मिळते. तिच्यात उणीव आहे ती प्रथिनांची, म्हणजे शरीर घडविणाऱ्या द्रव्यांची. धान्यातील प्रथिनांत जे अंश कमी असतात ते डाळीत भरपूर असतात आणि डाळीत जे कमी ते धान्यात असतात. दोन्ही एकत्र आली की एकमेकांची तूट भरून निघते. तीन वाट्या तांदूळ किंवा कोसरी असेल तर एक वाटी मूग, बरबटी वा उडीद, हे प्रमाण लक्षात ठेवावयास सोपे आहे. या प्रमाणाने एकाच गंजात शिजविलेली पातळ खिचडी ही पेजेचीच थोरली बहीण होय.

परंतु डाळ शिजावयास वेळ लागतो, आणि पहाटे तो नसतो, ही अडचण खरी आहे. तिचा उपाय माघ-फाल्गुनात करून ठेवावयाचा असतो. कुळीथ मंद विस्तवावर खमंग भाजून, भरडून, पाखडून, साल काढून त्याचे पीठ दळून ठेवावे. 100 ग्रॅम कुळथात सुमारे 22 ग्रॅम प्रथिने असतात, आणि हलक्या जमिनीत, थोड्या ओलीवर येणारे हे पीक आहे. भाजलेले असल्याने पीठ लवकर शिजते. पाच माणसांसाठी एक वाटी पीठ पाच-सहा वाट्या थंड पाण्यात आधी कालवून घ्यावे. कोरडे पीठ उकळत्या पाण्यात टाकल्यास गाठी होतात. थोड्या तेलात लसूण व मिरची परतून त्यावर हे कालवलेले पीठ ओतावे, मीठ व चिंचेचा कोळ घालावा आणि ढवळत राहून चांगले उकळू द्यावे. दहा मिनिटांत पिठले होते. तेल जवसाचे असो की मोहाच्या टोळीचे, दोन्ही चालतात. मुलासाठी मिरची पडण्यापूर्वी चार पळ्या बाजूस काढून वेगळ्या उकळाव्यात. ही एवढी गोष्ट विसरली जाते आणि मग तिखट म्हणून मूल कोरडा भातच खाते.

दुसरे वाळवण मुनग्याच्या पानांचे. शेवग्याला आपल्याकडे मुनगा म्हणतात. झाड दारी असते, शेंगा खाल्ल्या जातात आणि पाने मात्र बहुधा शेळीच्या वाट्यास जातात. जुन्या आहारतक्त्यांनुसार या पानांत 100 ग्रॅममागे सुमारे 440 मिलिग्रॅम चुना, म्हणजे हाडे व दात बळकट करणारे द्रव्य, असते. दुधापेक्षा ते कितीतरी अधिक आहे, आणि ज्या घरी दूध नाही त्या घरी याचे मोल विशेष. पाने धुऊन सावलीत वाळवावी, उन्हात नव्हे. हाताने चुरून भुकटी करावी व झाकणाच्या डब्यात भरावी. वाळविल्याने क जीवनसत्त्व बरेचसे जाते, तथापि चुना व लोह राहतात. पेज उतरविण्यापूर्वी माणशी एक चमचा भुकटी टाकली तर निराळी भाजी करावयास नको. सोबत आवळ्याची फोड किंवा थोडे लिंबू असावे. आंबटाने पानांतील लोह अंगी लागते. याउलट जेवणाबरोबर घेतलेला चहा ते लागू देत नाही. चहा सोडा असे आम्ही सांगत नाही, सांगून कोणी सोडणारही नाही. तो जेवणानंतर तासा-दीड तासाने घ्यावा, इतकेच.

आता आई गेल्यावर मुलाला उकडउकडीत अन्न कसे मिळावे, हे पाहू. यासाठी तणसाची टोपली हा उत्तम उपाय आहे. पेंढ्याच्या पेटीत अन्न शिजविण्याची ही रीत युरोपात दोन्ही महायुद्धांच्या काळात जळणाच्या टंचाईमुळे घरोघर पसरली होती. आपल्याकडे तर बांबूची टोपली आणि धानाचे तणस दोन्ही घरचीच. गंजाच्या चहूबाजूंनी व तळाशी अर्धी वीत तणस दाबून बसेल एवढी मोठी टोपली घ्यावी. आत जुने लुगडे अंथरावे व मधोमध गंजाच्या मापाची जागा करावी. जुन्या कापडात तणस भरून वर ठेवण्यासाठी एक जाड उशी शिवावी.

पहाटे उठल्याबरोबर, रात्री भिजत घातलेले तांदूळ व मुगाची डाळ गंजात चढवावी. पाणी नेहमीपेक्षा थोडे कमी लागते, कारण वाफ बाहेर जात नाही. झाकण ठेवून पंधरा मिनिटे खळखळ उकळू द्यावे, आणि झाकण न उघडता गंज तसाच टोपलीत बसवून वर उशी दाबावी. गंज निदान दोन-तृतीयांश भरलेला असावा. अर्ध्या रिकाम्या गंजात उष्णता टिकत नाही. चूल विझवून आईने कामास जावे. अन्न आपल्या उष्णतेवर शिजत राहते आणि दीड-दोन तासांनी खिचडी तयार असते. चार तासांच्या आत ती संपवावी. कोमट झालेल्या अन्नात जंतू झपाट्याने वाढतात, म्हणून उरलेले पुन्हा चांगले उकळल्याशिवाय कोणास देऊ नये. मागे घरात चूल पेटती राहत नाही, हा लाभ लहान नव्हे. मात्र गंज उघडण्याचे काम आजीने किंवा मोठ्या माणसाने करावे. घरी केवळ लहान बहीणच असेल तर टोपलीचा नाद सोडून पुढे सांगितलेला सातू ठेवावा. वाफेने हात भाजण्याचा धोका पत्करू नये.

सातूला शिजविणे मुळीच लागत नाही. दोन वाट्या तांदूळ, एक वाटी चणे किंवा मूग आणि अर्धी वाटी तीळ निरनिराळे भाजून एकत्र दळावे. मुलाला देताना उकळून गार केलेल्या पाण्यात गुळाबरोबर कालवावे. गुळाऐवजी निवडून, भाजून कुटलेली मोहफुले घातली तरी चालतात; मोहफुलात साखरेचा अंश भरपूर असतो. भाजलेले मोह व तीळ कुटून केलेले लाडू जिल्ह्यात पुष्कळ ठिकाणी होतात, आणि तेंदूच्या हंगामात रानात नेण्यासही तेच सोयीचे. मोहफुले मार्च-एप्रिलमध्येच वेचलेली असतात, तेव्हा वेचणीतून चार पायल्या घरच्या खाण्यासाठी बाजूस ठेवून मगच उरलेली बाजारात न्यावी.

रानातील इतर जिनसांविषयी थोडक्यात. लाल मुंग्यांच्या चटणीची चेष्टा करणारे असतात. त्यांनी हे ध्यानात घ्यावे की ओडिशातील मयूरभंजच्या अशाच चटणीला जानेवारी 2024 मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले. पेजेबरोबर आंबट व प्रथिनयुक्त तोंडीलावणे म्हणून ती योग्यच आहे. वास्ते मात्र चिरून, उकळून, ते पाणी फेकून दिल्यावरच भाजीस घ्यावेत, कारण कच्च्या कोंबात विषारी अंश असतो. घाईत हे उकळणे टाळू नये. वेळ नसेल त्या दिवशी वास्ते करूच नयेत.

कोदोविषयी अधिक सावध राहिले पाहिजे. हे धान्य वर्षानुवर्षे टिकते, पण कापणीच्या वेळी पाऊस लागून बुरशी धरली की त्यात विष तयार होते. असा मातलेला कोदो खाल्ल्याने चक्कर, उलटी व गुंगी येते, हे जुन्या माणसांना ठाऊक आहे. ऑक्टोबर 2024 च्या अखेरीस मध्य प्रदेशातील बांधवगड येथे 10 हत्ती मेले, तेव्हा तपासणीत कोदोवरील बुरशीचे हेच विष आढळले. शिजविल्याने ते निघून जाईल या भरवशावर राहू नये. काळवंडलेले, कुबट वासाचे धान्य कोंबड्यांनाही घालू नये.

ज्या घरी सिकलसेलचा रोगी आहे तेथे रोवणी व तेंदू या दोन्ही हंगामांत त्याच्या पाण्याकडे पाहावे. शरीरातील पाणी कमी झाले की या रोगाचे दुखणे उसळते, म्हणून त्याला पातळ पेज व पाणी वारंवार द्यावे. हिरव्या पालेभाज्याही त्याला हितकर. लोहाच्या गोळ्या मात्र वैद्यकीय सल्ल्याशिवाय देऊ नयेत. या रोगाच्या तपासणीची राष्ट्रीय मोहीम 1 जुलै 2023 पासून चालू झाली आहे. घरात कोणाचे सांधे वरचेवर दुखत असतील तर आरोग्य केंद्रात रक्त दाखवावे.

गरोदर व अंगावर पाजणाऱ्या भगिनींसाठी अंगणवाडीत एक वेळचे पूर्ण जेवण देण्याची अमृत आहार योजना 2015 पासून आहे. कामाच्या घाईत ते जेवण बुडवू नये. ज्या सुनेला रोवणीमुळे तेथे जाता येत नाही असे वाटते, तिला सासूने व घरच्या पुरुषांनी तेवढा वेळ मोकळे केले पाहिजे. आणि पहाटे गंज चुलीवर चढविणे, रात्री डाळ भिजत घालणे ही कामे पुरुषाच्या हातूनही होतात.

शेवटी पुराच्या दिवसांची तरतूद. पर्लकोटेला पूर आला की भामरागडचा मार्ग तुटतो. 2019 च्या पावसाळ्यात तर पाणी बाजारपेठेत शिरले होते. सबब पाच माणसांच्या घरी मृगापूर्वीच दोन पायल्या कुळथाचे पीठ, तेवढाच सातू, मुनग्याची भुकटी, मीठ आणि कोरडे जळण उंच जागी ठेवलेले असावे. पीठ भरण्यापूर्वी डबा उन्हात तापवून पूर्ण थंड होऊ द्यावा. गरम डब्यात भरलेल्या पिठाला आतून घाम सुटतो आणि पंधरा दिवसांत ते खवट होते.