मायावी खेळांतील जादूचा तोल

सोन्याचा व्यवहार जळगांवकरांस नवा नाहीं. सराफाच्या तराजूंत एका पारड्यांत सोनें व दुसऱ्यांत वजन घातलें म्हणजे कांटा मध्यें येऊन उभा राहतो, आणि तो उभा राहिल्यावांचून ना गिऱ्हाईक पैसे मोजतें, ना सराफ दागिना हातावेगळा करतो. संगणकावरील जे खेळ आज आमच्या विद्यार्थ्यांच्या हातीं आले आहेत, त्यांतील कित्येकांच्या अंगीं असाच एक कांटा बसविलेला असतो. तो डोळ्यांस दिसत नाहीं. बिघडला म्हणजे मात्र तत्काळ जाणवतो. त्या कांट्याचा थोडा विचार येथें करावयाचा आहे. ज्या पालकांस हे खेळ म्हणजे निव्वळ कालापव्यय वाटतो त्यांनींही हा लेख शेवटपर्यंत वाचावा, अशी आमची विनंति आहे.

प्रथम खेळाची ओळख. एक विस्तीर्ण काल्पनिक मुलूख असतो. त्यांत डोंगर, अरण्यें, नगरें, ओस पडलेलीं मंदिरें असतात. खेळणारा एक पात्र धारण करून त्यांत वाटेल तिकडे संचार करतो. कोणी तलवार चालवितो, कोणी मंत्रविद्या शिकतो, कोणी औषधी गोळा करून अर्क काढतो. या जातीच्या खेळांत बेथेस्डा या अमेरिकन मंडळीची ‘एल्डर स्क्रोल्स’ ही मालिका विशेष प्रसिद्ध आहे. तिचे मुख्य भाग पांच: १९९४ चा ‘अरीना’, १९९६ चा ‘डॅगरफॉल’, २००२ चा ‘मॉरोविंड’, २००६ चा ‘ऑब्लिव्हियन’ आणि २०११ चा ‘स्कायरिम’. पुण्याच्या ‘नॉडिंग हेड्स गेम्स’ या लहानशा मंडळीनें २०२० सालीं ‘राजी’ नांवाचा आपल्या पुराणकथांवर आधारलेला खेळ बाहेर आणला, ही अभिमानाची गोष्ट होय. परंतु त्यांतील वाट आंखलेली आहे, म्हणून तो या विवेचनांत येत नाहीं.

आतां जादूकडे वळूं. ‘मॉरोविंड’मध्यें अर्क किती प्रभावी निघावा हें काढणाराच्या बुद्धीवरही अवलंबून असतें, आणि बुद्धि वाढविणारा अर्कही त्याला काढतां येतो. तो प्यावा, बुद्धि वाढवावी, वाढलेल्या बुद्धीनें अधिक तीव्र अर्क काढावा, तोही प्यावा! अशा रीतीनें थोड्याच वेळांत पात्राची बुद्धि इतकी अफाट होते कीं पुढें त्या जगांत त्याला अडविणारें कांहीं उरत नाहीं. सावकाराच्या वहींतील चक्रवाढ व्याज ज्यांनीं पाहिलें आहे त्यांस यांत नवल वाटणार नाहीं. चाळीसगांवाजवळील पाटण येथें भास्कराचार्यांच्या ग्रंथांच्या अध्ययनासाठीं त्यांचा नातू चांगदेव यानें मठ स्थापिल्याचा शिलालेख आहे, हें आमच्या विद्यार्थ्यांस ठाऊकच असेल. त्याच आचार्यांच्या ‘लीलावती’मध्यें (ही ११५० ची रचना) एक उदाहरण आहे: दात्यानें याचकास पहिल्या दिवशीं दोन कवड्या दिल्या व रोज दुप्पट देण्याचें कबूल केलें, तर महिन्याभरांत किती होतील? उत्तर येतें २,१४,७४,८३,६४६ कवड्या, म्हणजे १,०४,८५७ हून अधिक निष्क. दात्याचें जें झालें तेंच ‘मॉरोविंड’ रचणाऱ्यांचें झालें असें म्हणण्यास हरकत नाहीं.

‘स्कायरिम’मधील चूक याहून सूक्ष्म आहे, आणि ती आम्हांस अधिक बोधप्रद वाटते. तेथें तलवारीचा सराव वाढला कीं तिचा घाव वाढतो. लोहारकाम शिकलें कीं पात्यास धार येऊन तो आणखी वाढतो. संहारक मंत्राची गति निराळी. त्याचा सराव वाढला तरी, एखाददुसरी जोडसवलत वगळतां, आघात तेवढाच राहतो. कमी होतो तो केवळ मंत्रशक्तीचा खर्च. इकडे शत्रू मात्र उत्तरोत्तर चिवट होत जातात. सबब वरच्या पायरीवर मांत्रिक दुबळा पडूं लागतो. यावर तोड म्हणून खेळणारे मंतरलेल्या वस्तूंकडे वळले. त्या विद्येंत पारंगत झालेल्यास एका वस्तूवर मंत्राचा खर्च शेंकडा २५ नें घटविणारा संस्कार करतां येतो. शिरस्त्राण, अंगरखा, अंगठी व कंठा अशा चार वस्तू धारण केल्या कीं चार पंचवीस शंभर! खर्च शून्य. जो मांत्रिक कालपर्यंत उपाशी होता तो आज अन्नछत्राचा धनी झाला.

येथें मुलांनीं पाटी घ्यावी. दुकानदार एका सुटीवर दुसरी सूट देतो तेव्हां ती उरलेल्या रकमेवर धरतो. १०० चे ७५ झाले, ७५ चे ५६.२५, मग सुमारें ४२.१९ आणि चौथ्या सुटीनंतर सुमारें ३१.६४. खेळाच्या कर्त्यांनीं बेरजेऐवजीं हा गुणाकार योजला असता, तर चार वस्तू घालूनही मांत्रिकास जवळजवळ एकतृतीयांश खर्च भरावा लागता, आणि केव्हां मंत्र टाकावा व केव्हां माघार घ्यावी हा विचार जिवंत राहता. बेरीज कीं गुणाकार एवढ्याशा निवडीवर शेंकडो तासांच्या खेळाची रुचि ठरली.

कोणी म्हणेल, जादू ती जादू. तिला तोल कशाला? आमचें उत्तर असें कीं बुद्धिबळाच्या पटावरील वजिराचा इतिहास पाहावा. प्राचीन खेळांत तो तिरपें एकच घर चाले. पंधराव्या शतकाच्या अखेरीस युरोपांत त्याला चहूंकडे वाटेल तितकें चालण्याची मोकळीक मिळाली आणि खेळ एकदम वेगवान झाला. परंतु दोन्ही बाजूंस एकेकच वजीर मिळाला, म्हणून तो टिकला. (आपल्याकडील जुन्या पद्धतींत प्यादें पहिल्या चालीसही एकच घर जाई, हें वडील मंडळींस विचारून पाहावें.) एकट्यानें खेळावयाच्या खेळांत समोर कोणी दुसरा मनुष्य नसतो, तेथें प्रतिपक्षाचा वजीर म्हणजे खर्च, वेळ आणि धोका. ते काढून घेतले कीं मुलगा जिंकतो खरा, पण आठवड्याभरांत खेळ टाकून देतो.

खेळाचे नियम खेळणाऱ्यांनींच पालटण्याच्या प्रकारास ‘मॉडिंग’ म्हणतात, व अशा एकेका फेरफारास ‘मॉड’. ‘मॉरोविंड’बरोबर कर्त्यांनीं आपलीं रचनेचीं हत्यारेंच २००२ सालीं गिऱ्हाइकांस दिलीं, ‘स्कायरिम’चीं २०१२ च्या फेब्रुवारींत मिळालीं. मग काय विचारतां! कोणी मंत्राचा आघात सरावाबरोबर वाढविला, कोणी फुकट मंत्रांची वाट बंद केली, कोणी कर्त्यांकडून राहिलेले शेंकडो दोष दुरुस्त केले.

या उद्योगाचें नातें धुळ्याशीं जोडलें तर वाचकांनीं हसूं नये. इतिहासाचार्य राजवाडे १९२६ च्या ३१ डिसेंबरास धुळ्यांत वारले, व पुढील सालीं त्यांच्या नांवाचें संशोधन मंडळ तेथें निघालें. जुन्या पोथ्यांत नकलकारांनीं केलेले फेरफार निवडण्यांत त्यांनीं आयुष्य वेंचलें. ज्ञानेश्वरींत इतके पाठ घुसले होते कीं एकनाथांनीं १५८४ सालीं ती शुद्ध केली आणि यापुढें तींत कोणीं आपली ओवी घालूं नये असें बजावलें. राजवाड्यांनीं १९०९ सालीं दुसऱ्याच एका जुन्या पोथीवरून ज्ञानेश्वरी छापली, तेव्हां कोणता पाठ खरा यावर मोठा वाद माजला. नकलकाराची ओवी मूळ ग्रंथांत विरून जाते. ती कोणाची हें पुढें ओळखतां येत नाहीं. मॉड मात्र मूळ खेळाच्या शेजारीं वेगळ्या टांचणांत राहतें. नको झालें तर काढतां येतें. दोन मॉडांनीं एकाच वस्तूस हात लावला तर जें मागाहून वाचलें जातें त्याची सत्ता चालते, म्हणून त्यांचा अनुक्रम नीट लावावा लागतो. या एका बाबतींत आजचीं पोरें जुन्या नकलकारांहून प्रामाणिक आहेत, असें आम्हांस वाटतें.

या श्रमाचें मोल काय? २०१५ च्या एप्रिलांत ‘स्कायरिम’चीं मॉडें विकत देण्याचा उपक्रम निघाला, विक्रींतील चौथा हिस्सा मॉड करणाऱ्यास मिळावयाचा होता. गिऱ्हाईक इतकें खवळलें कीं थोड्याच दिवसांत तो बंद करून पैसे परत द्यावे लागले. एवढ्या घाईनें बाजार मांडणें चुकीचें होतें. पण फुकट मिळालेली वस्तु कायम फुकटच मिळावी, हा गिऱ्हाइकांचा हट्टही आम्हांस न्याय्य वाटत नाहीं. त्याच सालीं ऑस्ट्रेलियांतील एका वकिलानें फावल्या वेळांत ‘द फरगॉटन सिटी’ नांवाचें मॉड केलें. त्याच्या संहितेस दुसऱ्या वर्षीं तेथील लेखकसंघाचें पारितोषिक मिळालें, आणि २०२१ सालीं तें स्वतंत्र खेळ होऊन विकलें गेलें. एरंडोलच्या वा शिरपूरच्या एखाद्या घरीं जुना संगणक असेल तर २००२ चा खेळ व त्याचीं हत्यारें त्यावर चालतात. तेव्हां मुलगा पडद्यासमोर दिसला कीं पालकांनीं रागें भरण्यापूर्वीं ‘तूं आज कोणता नियम पालटलास आणि कां?’ एवढें विचारावें. तो नुसता खेळत होता कीं रचीत होता, हें उत्तरावरून कळेल. अनोळखी ठिकाणांहून टांचणें उतरवून घेण्यास मात्र सक्त मनाई असावी.

राहतां राहिली दीर्घ प्रतीक्षा. वरील सालें पुन्हां पाहा: दोन, सहा, चार, पांच वर्षांचीं अंतरें. सहाव्या भागाची घोषणा २०१८ च्या जूनांत झाली, पण २०२५ पर्यंत तो बाहेर पडला नव्हता. मंडळी मध्यंतरीं स्वस्थ बसली होती असें नाहीं. १५, १८ व २३ सालीं तिनें दुसरे मोठे खेळ काढले. परंतु मुलूख जितका मोठा तितकी त्यांतील प्रत्येक गोष्ट प्रत्येक दुसऱ्या गोष्टीशीं ताडून पाहावी लागते, आणि हें काम मोठ्या मुलखांत कित्येक पटींनीं वाढतें. पुण्याच्या भांडारकर संस्थेनें महाभारताची चिकित्सक आवृत्ति १९१९ सालीं हातीं घेतली ती १९६६ सालीं पुरी झाली; तिच्या वाचकांपुढें खेळणाऱ्यांची तक्रार आम्ही फार वेळ मांडूं इच्छीत नाहीं.

वाट पाहतांना कांहीं जणांनीं निराळाच मार्ग धरला. निरनिराळ्या देशांतील स्वयंसेवकांनीं सगळा ‘ऑब्लिव्हियन’ खेळ ‘स्कायरिम’च्या सांच्यांत पुन्हां घडविण्याचें काम, एक पैही न घेतां, वर्षानुवर्षें चालविलें. २०२५ च्या २२ एप्रिलास मंडळीनें स्वतःच तो खेळ नव्या रूपांत बाजारांत आणला, आणि त्याच्या प्रती त्या स्वयंसेवकांस भेट दिल्या. त्यांनीं त्या घेतल्या व आपलें काम पुढें चालू ठेवलें.